पहिली दहा पावलं

भिंतीवरचा डाग मला आज दिसला. सकाळी पलंगावरून उतरलो, डाव्या टाचेत कोणी खिळा ठोकल्यासारखं झालं आणि हात भिंतीकडे गेला. तसा तो गेले सात आठवडे रोजच जातो. आज दिवा आधी लावला होता म्हणून दिसलं, की स्विचबोर्डाच्या खाली, कमरेच्या जरा वर, पांढऱ्या रंगावर तळहाताएवढा कळकट डाग पडलाय. म्हणजे मी रोज अगदी त्याच जागी हात टेकतोय. मला स्वतःची शिसारी आली. बावन्न वर्षांचा माणूस, गेली अकरा वर्षं पळतोय, पोटाला एक वळी नाही, आणि भिंत धरून बाथरूमला जातोय. त्याहून वाईट हे, की तो डाग माझ्या ओळखीचा होता. लहानपणच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, मधल्या बोळात, असाच एक डाग होता. आई दर वर्षी त्यावर चुना फासायची आणि महिन्याभरात तो पुन्हा उमटायचा. तो बाबांचा होता.

पहिलं पाऊल मी श्वास रोखून टाकतो, दुसरं बोटांवर, तिसरं पायाच्या बाहेरच्या कडेवर, वाकडं. चौथ्या-पाचव्याला डोळ्यांत पाणी येतं. दहाव्याला बाथरूमचं दार येतं आणि तोवर टाच जरा नरमते. दाढी होईपर्यंत मी माणसात आलेला असतो. चहा होईपर्यंत तर कोणी पाहिलं तर म्हणेल, याला काय धाड भरलीय. बायको तेच म्हणते. "आत्ता तर चांगला चालतोयस की," ती म्हणते आणि पेपरची घडी उलटते. तिचं चुकत नाही. हे दुखणंच हलकट आहे. साक्षीदार उठायच्या आत येऊन जातं. ताप मोजता येतो, जखम दाखवता येते. हे दाखवायला जावं तर पाय ठणठणीत.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं आलंही मुंगीच्याच पावलांनी. आधी पळून आल्यावर जरा ठसठस. मग ऑफिसात तासभर बसून उठलो की चमक. मी दुर्लक्ष केलं, कारण दुखणाऱ्या लोकांबद्दल माझं मत ठरलेलं आहे. आमच्या पळणाऱ्यांच्या गटात चाळीसेक माणसं आहेत आणि त्यांतल्या तीस जणांना पळण्यापेक्षा दुखण्यात रस आहे. पट्टीवाली बाई गुडघ्यापासून घोट्यापर्यंत निळ्या पट्ट्या चिकटवून येते, जणू पार्सल कुठे पाठवायचंय. दाताचा डॉक्टर पळण्याआधी पंचवीस मिनिटं अंग ताणतो, पळाल्यावर पंचवीस मिनिटं ताणतो आणि मध्ये पळतो अठरा मिनिटं. यांच्या फोनवरच्या गप्पांत कोणाची मांडी, कोणाचा खुबा, कोणाची पोटरी, नुसतं खाटिकखाना. त्या सगळ्यांना मी एक नाव दिलं होतं, टाचदुखी मंडळ. सगळे हसले होते. दाताच्या डॉक्टरनेसुद्धा हसणाऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं होतं. मी लिहिलं होतं, 'पाय चालवायला असतात, कुरवाळायला नव्हे.' ते वाक्य कोणीतरी गटाच्या बनियनवर छापून घेतलं. सतरा माणसं माझं वाक्य पाठीवर घेऊन पळतात. आता कळलं असेल की मी कोणाला काही का सांगत नाही.

मला गटात घड्याळ म्हणतात. दर वर्षी शर्यतीत दोन तासांचा झेंडा माझ्याकडे असतो. एकवीस किलोमीटर बरोबर दोन तासांत पुरं करायचं, पाठीला काठी बांधलेली, काठीवर झेंडा, झेंड्यावर 'दोन तास', आणि ज्यांना दोन तासांत पोचायचंय ते सगळे माझ्यामागे. पाच वर्षांत मी अकरा सेकंदांपेक्षा जास्त चुकलो नाही. आता खरं सांगायचं तर मला पळणं कधीच आवडलं नाही. कंटाळवाणं काम आहे ते. मला आवडतं मागे माणसं असणं. ऑफिसात माझ्यामागे कोणी येत नाही. घरात तर नाहीच. वर्षातून एकदा दीड-दोनशे माणसं दोन तास माझ्या पाठीकडे बघत पळतात आणि मी सांगेन तिथे पाणी पितात. रविवारी शर्यत आहे. झेंडा मी सोडला तर तो दाताच्या डॉक्टरकडे जाणार, आणि एकदा गेला की गेला. तो माणूस हातात आलेलं सोडत नाही, धंदाच उपटायचा आहे.

हाडांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. त्याने टाचेच्या आतल्या कडेला अंगठा असा दाबला की मी त्याच्या टेबलाची कड धरली. "हं," तो म्हणाला, मी काही चांगलं उत्तर दिल्यासारखा. तळपायाचा पट्टा ओढला गेलाय, सूज आहे, सहा आठवडे पळणं बंद. "आणि पळलो तर?" "तर फाटेल. मग सहा महिने." मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात कोणाला होतं का हे? वडिलांना?" मी नाही म्हणालो. का म्हणालो? या एका बाबतीत माझी जीभ विचारण्याआधीच 'नाही' घेऊन तयार असते. सवय जुनी आहे.

त्यानंतर बुटांच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने मला यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवलं, मागून चित्रण केलं आणि पडद्यावर माझे पाय मलाच दाखवले. "तुमचा डावा पाय आत कलतो, सर," तो अशा आवाजात म्हणाला की जणू मी कोणाच्या खिशात हात घालताना सापडलोय. मी बूट घेतले, टाचेखाली घालायच्या गाद्या घेतल्या, काटेरी चेंडू घेतला. ऑफिसात टेबलाखाली गोठवलेली बाटली पायाने लाटत बसतो. समोरचा कारकून विचारतो, साहेब, काही पडलं का. मी म्हणतो, नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण कारकुनाला कळावं असं मला मुळीच वाटत नाही.

माझं काम लिफ्ट तपासायचं. इमारतींत जायचं, वर यंत्राच्या खोलीत चढायचं, दोर, ब्रेक, दारं बघायची आणि पत्र्यावर शिक्का मारायचा, चालू किंवा बंद. या कामात माणूस लोकांना ओळखायला शिकतो. लिफ्ट बिघडलीय असं जगात कोणीच म्हणत नाही. मंगळवारी एका सातमजली इमारतीत रखवालदार म्हणाला, "सकाळी पहिल्यांदा जरा झटका देते, साहेब. मग दिवसभर नीट चालते." मी तिथेच सील ठोकलं. सातव्या मजल्यावरची म्हातारी दारात येऊन हात जोडायला लागली, मी आता खाली कशी उतरू. मी म्हणालो, आजी, जिन्याने. आणि मग मीच जिन्याने उतरलो, पाच मजले नीट आणि शेवटचे दोन कठडा धरून, कारण वर तासभर उकिडवा बसलो होतो आणि टाच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. खाली रखवालदार माझ्या पायाकडे बघत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नजर फिरवली.

तर आता मी काय करतो, तर सगळ्यांच्या आधी पाऊण तास मैदानावर पोचतो. अजून उजाडलेलं नसतं. तारेच्या कुंपणाला धरून मी एका कोपऱ्यात येरझाऱ्या घालतो, आधी लंगडत, मग कमी लंगडत, मग बरा. पाऊण तासाने गटाचा कॅप्टन आणि बाकीची वरात येते तेव्हा मी मैदानाच्या मध्यभागी हात मागे बांधून ताठ उभा असतो. "घड्याळ आलं बघा," कॅप्टन म्हणतो. कॅप्टन कुठल्याही सैन्यात नव्हता. तो बाथरूमच्या फरश्या विकतो. पण शिट्टी गळ्यात अडकवली की माणसाला काय काय वाटायला लागतं. मी हसतो, पळतो, दहा, बारा, चौदा किलोमीटर, आणि घरी येऊन जिन्यातच बसतो. बूट काढायचं निमित्त करून.

असा येरझाऱ्या घालत असतानाच सोमवारी माझ्या लक्षात आलं की मी हे पाहिलेलं आहे. आमच्या त्या बोळात बाबा पावणेपाचला उठून चालायचे. भिंतीला हात, सर्रप-टप, सर्रप-टप, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिथेच बोळाच्या तोंडाशी झोपायचो. त्या आवाजाने माझी झोप मोडायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम करतो. आम्हाला उठवायला, दाखवायला. कारण सात वाजता भाकरी खाऊन तोच माणूस पिशवी घेऊन ताठ चालत कामाला जायचा. नाटकी, असं मी त्यांना मनात म्हणायचो. चौदा वर्षांचा होतो आणि तुच्छता तेव्हाच पूर्ण वाढलेली होती. उंची नंतर वाढली.

बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते. काउंटरच्या मागे सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये अर्धा तास जेवायला, तोही आत खोक्यांमागे उभ्यानेच. मालकाचा नियम होता, गिऱ्हाईकासमोर बसायचं नाही. स्वतः मालक पंख्याखाली गादीच्या खुर्चीत बसायचा आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना उभं ठेवायचा. शाळेला सुट्टी असली की मी बाबांचा डबा घेऊन जायचो. एका दुपारी गेलो तर बाबा आत होते, आणि मालकाने मला बोटाने जवळ बोलावलं. "काय रे, तुझ्या बाबांचा पाय खरंच दुखतो का?" तो म्हणाला. "स्टूल मागतायत. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. तू खरं सांग. खरं असेल तर देऊन टाकतो." आदल्याच दिवशी वर्गात एका पोराने फळ्यासमोर बाबांची चाल करून दाखवली होती. त्याने एकदा सकाळी दूध आणताना आमच्या उघड्या दारातून त्यांना पाहिलं होतं. सगळा वर्ग हसला होता आणि मीही हसलो होतो, हे कोणाचे बाबा मला माहीत नाही असा. मी मालकाकडे सरळ बघितलं. "नाही," मी म्हणालो. "घरी तर नीट चालतात." मालकाने बरणीत हात घालून खोकल्याची एक केशरी गोळी माझ्या हातावर ठेवली. मी ती घरी जाईपर्यंत चघळली. चव चांगली होती, अजून आठवते.

बाबा त्यानंतर एकोणीस वर्षं त्या काउंटरमागे उभे राहिले. कामावरून सुटले त्या दिवशी घरी येताना त्यांनी एक लाकडी स्टूल विकत आणलं, उंच, तीन पायांचं. आम्ही घरं बदलली, सोफा घेतला, मागे रेलायच्या खुर्च्या घेतल्या. बाबा आज त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्या स्टुलावरच बसतात. बायको म्हणते, बाबा, पाठ दुखेल. ते म्हणतात, पाठ दुखली तर बघू. मी त्या स्टुलाकडे बघत नाही. बाबांना दुकानातली ती दुपार माहीत नाही, असं मी अडतीस वर्षं धरून चाललो होतो. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून आहे, मध्ये एक विटेची भिंत. तिच्यावर माझा डाग.

आज शुक्रवार. संध्याकाळी सातला कॅप्टन झेंडा घेऊन आला. झेंडा नवीन शिवलाय, पिवळाधमक, काठीला पाठीवर बांधायचे पट्टे. तो सोफ्यावर बसला, मी समोर, बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर, मांडीवर ताट, शेंगा मोडत. बायको क्लासला गेली होती, म्हणून चहा मीच केला आणि मग अर्धा तास बसून राहिलो. तो अर्धा तास कॅप्टन फरश्यांबद्दल बोलला. मी ठरवलं होतं. दुपारीच ठरवलं होतं, टेबलाखाली बाटली लाटताना, की पुरे. आज सकाळी पंधरा पावलं लागली होती, दहा नव्हे. झेंडा घेऊन मी पाचव्या किलोमीटरला बसलो तर मागचे दीडशे लोक मला ओलांडून जातील आणि सतराजणांच्या पाठीवर माझंच वाक्य असेल. ते मला मागून वाचत बसावं लागेल. त्यापेक्षा आत्ता सांगावं. फक्त सुरुवात दुसऱ्या कोणी करावी एवढीच इच्छा होती.

आणि कॅप्टनने खरंच सुरुवात केली. "एक विचारू? राग मानू नकोस," तो म्हणाला. "आपला दाताचा डॉक्टर म्हणत होता, त्याने तुला पाहिलं. पहाटे, कुंपणापाशी. लंगडत होतास म्हणे." तोंड उघडलं होतं, वाक्य तयार होतं. "काहीतरीच," मी म्हणालो. "त्याला झेंडा हवाय, म्हणून दिसतं त्याला." ही माझी जीभ. कॅप्टन हसला, पण पुरता नाही. मग तो वळून बाबांना म्हणाला, "काका, तुम्ही सांगा. घरातल्या माणसाला माहीत असतं. याचा पाय दुखतो का खरंच? दुखत असेल तर मी याला पळवणार नाही. उगाच जन्माचं दुखणं नको."

मी बाबांकडे बघितलं. आयुष्यात मी या माणसाकडे काही मागितलं नव्हतं. मागण्यासारखं त्यांच्याकडे काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. आता मी मागत होतो, डोळ्यांनी, भिकाऱ्यासारखा. हो म्हणा. सकाळी तुम्हाला ऐकू येतं, भिंतीपलीकडून, सर्रप-टप, तो आवाज तुमच्याइतका कोण ओळखणार. एक शब्द. बाबांनी एक शेंग मोडली, दोरा काढला, तुकडे ताटात टाकले. मग कॅप्टनकडे सरळ बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "घरी तर नीट चालतो."

कॅप्टनने माझ्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलंच होतं, तो म्हणाला, डॉक्टरचा स्वभावच तसा. झेंडा त्याने टीव्हीशेजारी भिंतीला टेकवला आणि उठला. मलाही उठावं लागलं. दारापर्यंत सहा पावलं. अर्धा तास बसलेल्या टाचेवर ती सहाही पावलं मी सरळ टाकली, एकही वाकडं नाही, आणि सहाव्याला कानात नुसता घूं असा आवाज होता. दार लावलं आणि तिथेच कपाळ टेकून उभा राहिलो.

"बाबा," मी म्हणालो, "असं का सांगितलंत?"

"तू आधी नाही म्हणालास ना," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसासमोर मुलाला खोटं पाडू?"

"तेच वाक्य," मी म्हणालो.

"तेच." त्यांनी मान वर केली नाही. "मालक त्याच दिवशी मला म्हणाले होते. तुमचा मुलगाच सांगतो, घरी नीट चालतात. खरं काय?"

"मग?"

"मग काय. म्हणालो, मुलगा खोटं बोलत नाही."

ताटात शेंगेचे तुकडे पडत होते. मी दारापासून वळलो, भिंत धरून. आता लपवायचं कोणापासून. एकोणीस वर्षं. माझ्या एका केशरी गोळीसाठी हा माणूस एकोणीस वर्षं उभा राहिला आणि मी त्याला नाटकी म्हणत राहिलो. राग आला. त्यांचाच आला आधी, हे सांगायला मला लाज वाटते. असल्या मोठेपणाला काय चाटायचंय, माझ्या एक थोबाडीत मारायची होती त्यांनी, सरळ. मग तो राग फिरून जिथे यायचा तिथे आला.

"कधी बोलला नाहीत," मी म्हणालो.

"विचारलंस कधी? मालकाने तुला विचारलं. तू मला नाही विचारलंस."

बाहेर कॅप्टन लिफ्टची वाट बघत असणार. आमची लिफ्ट हळू आहे, तपासलीय मी. झेंडा टीव्हीशेजारी पिवळा उभा होता.

"फार दुखायचं?" मी विचारलं.

बाबांनी हातातली शेंग तशीच धरली.

"सकाळी," ते म्हणाले. "पहिली दहा पावलं."

मी झेंडा उचलला. काठी टेकत, पाय जसा पडेल तसा टाकत दाराकडे गेलो, सर्रप-टप, सर्रप-टप, घरभर ऐकू जाईल असा. दार उघडलं. कॅप्टन लिफ्टचं दार धरून उभा होता. त्याने आधी माझ्या पायाकडे बघितलं आणि मग तोंडाकडे.

"काय झालं?" तो म्हणाला.

"माझी टाच दुखते," मी म्हणालो. "बाबांचीही दुखायची."